मागच्या चाकाचे नट पुन्हा पुन्हा ढिले होत असतील तर: कारणे, तपासणी आणि काम करतानाची खबरदारी

गाळप हंगाम सुरू झाला की चिकोडी, हुक्केरी, अथणी आणि बेळगाव या तालुक्यांतील गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. ऊस वाहणाऱ्या ट्रकच्या मागच्या जोडचाकाचे नट व्यवस्थित आवळून गाडी सोडली, चार-पाच खेपा झाल्या, आणि नट पुन्हा ढिले. परत आवळले, परत ढिले झाले, आणि तिसऱ्या वेळी एखादा स्टडच, म्हणजे ज्यावर नट चढतो तो हबमधला पोलादी दांडाच, मुळापासून तुटून आला. अशा गाडीवर बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे पान्याला आणखी लांब पाइप जोडून आणखी जोरात आवळणे. हा उपाय दुखण्याच्या मुळाशी जात नाही आणि स्टड मात्र लवकर तोडतो, म्हणून नट ढिला का होतो हे आधी समजून घ्यावे लागते.

चाक स्टडवर टांगलेले असते असा समज सर्रास आढळतो, परंतु तो चुकीचा आहे. भाराचे वजन आणि ब्रेकचा जोर पेलण्याचे काम हब (एक्सलच्या टोकावर फिरणारा भाग), ड्रम (ब्रेकचा डबा) आणि दोन डिस्क (जोडचाकाच्या आतल्या व बाहेरच्या चाकाच्या लोखंडी तबकड्या) यांचे पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट दाबले गेल्यामुळे होणारे घर्षण करते, आणि स्टडचे काम तो दाब टिकवून धरणे एवढेच असते. नट आवळताना पोलादी स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्याच ताणामुळे डिस्क दाबून धरली जाते. मात्र २२ मिलिमीटरच्या स्टडमध्ये हे ताणणे साधारण एक ते दोन दशांश मिलिमीटर इतकेच असते. याचा अर्थ असा की डिस्क, ड्रम आणि हब यांच्या मध्ये असलेला रंग, गंज किंवा माती मिळून एक दशांश मिलिमीटर जरी चेपली गेली, तरी नट आपल्या जागेवरून तसूभरही न फिरता स्टडचा अर्ध्याहून अधिक ताण निघून जाऊ शकतो. नट नंतर फिरतो, दाब त्याच्या आधीच गेलेला असतो.

सर्वांत जास्त आढळणारे कारण: रंग

आपल्या भागात खंडेनवमीच्या आधी गाड्या रंगवून घेण्याची पद्धत आहे, आणि दसरा झाला की थोड्याच दिवसांत उसाची वाहतूक सुरू होते. डिस्क उतरवून पुढून-मागून सारख्याच रंगवल्या जातात, ड्रमचा चेहराही सोडला जात नाही, आणि जुना रंग न खरवडता दर वर्षी त्यावर नवा थर चढतो. जोडचाकात हब आणि ड्रम, ड्रम आणि आतली डिस्क, आतली आणि बाहेरची डिस्क, शेवटी बाहेरची डिस्क आणि नट, असे चार सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात दोन पृष्ठभाग येतात. प्रत्येकावर रंगाचा जाड थर असेल तर एकूण जाडी किती होते याचा हिशेब कोणालाही करता येईल. थंड गाडीवर हा रंग कडक लागतो आणि नटही चांगला घट्ट बसल्यासारखा वाटतो, परंतु भरलेली गाडी तवंदी किंवा वंटमुरी घाटाच्या उतारावर ब्रेक धरत उतरली की ड्रम तापतो, रंग मऊ पडतो आणि दाबाखाली बाजूला सरकतो. पहिल्या एक-दोन खेपांतच नट ढिले होण्याची तक्रार आली, आणि गाडी नुकतीच रंगवलेली असेल, तर इतर काही तपासण्याआधी बाहेरची डिस्क उतरवून तिचा मागचा चेहरा पाहावा.

गाडी रंगवायला कोणाचीच हरकत नाही. रंगाऱ्याला एवढेच सांगावे की स्टडच्या भोकांभोवतीचा सपाट पट्टा, मधल्या मोठ्या भोकाची कड आणि ड्रमचा चेहरा यांवर कागदी टेप लावून ते कोरे ठेवावेत, किंवा फार तर प्रायमरचा एक पातळ हात द्यावा.

चाक खोलण्यापूर्वी गाडी कशी उभी करावी

ही तपासणी पुष्कळदा गॅरेजमध्ये न होता रस्त्याच्या कडेला होते आणि अपघातही तिथेच होतात. चिकोडी-अथणीकडची काळी जमीन वरून वाळलेली दिसली तरी जॅकच्या छोट्या बुडाखाली दबते, आणि खानापूरकडचा लाल मुरूम पावसानंतर बाजूला सरकतो, म्हणून जॅकखाली दीड फूट चौरसाची, निदान दोन इंच जाडीची अखंड फळी टाकावी. वीट किंवा दगड टाकू नये, कारण वीट भाराखाली फुटते आणि दगड कलतो. जॅकचे डोके आणि एक्सल यांच्या मध्ये लोखंडी तुकडे रचून उंची वाढवणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण तेलकट लोखंडावरून लोखंड सहज घसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी एक्सलसाठी भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. कायदेशीर भाराची गाडी धरली तरी एका बाजूला पावणेसहा टनांच्या आसपास वजन येते, आणि उसाच्या गाडीचे खरे वजन किती असते हे सगळ्यांना ठाऊकच आहे. शक्य असेल तर भार उतरवून, निदान निम्मा करून, मगच गाडी उचलावी.

गाडी गिअरमध्ये आहे म्हणजे ती हलणार नाही, हा विश्वास मागचे एक चाक उचलताच खोटा ठरतो. उचललेले चाक मोकळे फिरू शकते, त्यामुळे डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) रचनेनुसार जमिनीवर टेकलेल्या दुसऱ्या बाजूच्या चाकालाही इंजिनाची अडवणूक उरत नाही. ज्या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) बसवलेला असतो, त्यांच्या बाबतीत हँडब्रेकही याच कारणाने निकामी होतो. एअर ब्रेकच्या गाड्यांमध्ये स्प्रिंग ब्रेक (हवा नसताना स्प्रिंगच्या जोराने लागणारा ब्रेक) प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र असल्याने दुसऱ्या बाजूचे चाक धरलेले राहते, तरीही सगळी भिस्त त्या एकाच बाजूवर येते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. काम झाल्यावर उटीऐवजी वापरलेले दगड रस्त्यावरच सोडून निघून जाण्याची सवय आपल्याकडे फार आहे. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्या माणसाला ते दगड दिसत नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी ते उचलून कडेला टाकण्याची जबाबदारी क्लीनरवर स्पष्टपणे सोपवावी.

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. त्याची एक रबरी सील फुटली की पुढच्या क्षणी गाडी खाली येते. चाक उतरवायचे असेल तर एक्सलखाली स्टँड लावून, जॅक थोडा सोडून, वजन स्टँडवर घ्यावे. स्टँड नसेल तर उतरवलेली स्टेपनी एक्सलजवळ आडवी सरकवून ठेवणे हा स्टँडला पर्याय नव्हे, परंतु काहीच न ठेवण्यापेक्षा ते बरे.

आता हवेविषयी, कारण या कामात माणसे दगावतात ती बहुधा हवेनेच. ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्या मधली रबरी पट्टी) आणि लॉक रिंग (टायर रिमवर अडवून धरणारी सुटी लोखंडी कडी) असलेल्या २० इंची रिमवर १०० पीएसआय (दर चौरस इंचाला १०० पौंड) हवा असेल, तर त्या वर्तुळावर आतून पडणारा एकूण जोर चौदा टनांच्या घरात जातो. डिस्कला स्टडच्या भोकांपासून तडा गेला असेल, रिंग उठलेली किंवा गंजलेली असेल, किंवा जोडीतील एक टायर कमी हवेवर चालला असेल, तर ते चाक केवळ नटांनी एकत्र धरलेले असू शकते आणि शेवटचा नट सुटताच रिंग किंवा डिस्कचा तुकडा गोळीसारखा बाहेर येतो. त्यामुळे नटाला पाना लावण्यापूर्वी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही टायरांच्या व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा पूर्ण सोडावी. परत हवा भरायला कॉम्प्रेसर कुठून आणायचा, ही ड्रायव्हरची अडचण खरी आहे, परंतु वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही दिसत असेल तर या बाबतीत तडजोड करण्यास जागा नाही. हवा भरताना पिंजरा वापरावा, लांब नळी आणि व्हॉल्व्हला अडकून राहणारा चाप वापरावा, आणि रिंगच्या समोर न उभे राहता टायरच्या पट्ट्याच्या दिशेला उभे राहावे.

नट खोलण्याआधी काय पाहावे

घाईघाईने नट सोडून टाकले तर निम्मा पुरावा नाहीसा होतो, म्हणून आधी नुसते निरीक्षण करावे. नटाच्या मुळापासून डिस्कवर बाहेरच्या बाजूला तांबूस रेघा पसरलेल्या दिसल्या तर तिथे हालचाल होऊन लोखंड घासले जात आहे, असे समजावे. नटाखालची डिस्क आरशासारखी चकचकीत झाली असेल तर हालचाल बरेच दिवस चालू आहे. डिस्क उतरवल्यावर भोकांमध्ये बोट फिरवून पाहावे. गोल भोक लांबट झाले असेल, किंवा त्याच्या कडेला स्टडच्या आट्यांचे ठसे उमटलेले असतील, तर त्या डिस्कला भंगारात घालावे लागेल, कारण वेल्डिंग भरून भोक पुन्हा गोल केलेली डिस्क भाराखाली तडकते.

तुटलेला स्टड फेकून देऊ नये, तो पुसून उजेडात नीट पाहावा. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून निघालेल्या गुळगुळीत, चंद्रकोरीच्या आकाराच्या रेषा आणि उरलेल्या भागात खरबरीत दाणे दिसले, तर तो स्टड हळूहळू थकून तुटलेला आहे, म्हणजे चाक बरेच दिवस ढिले चालले आणि स्टड दर फेऱ्याला वाकत राहिला. याउलट स्टड तुटण्यापूर्वी मधे बारीक झालेला, ताणला गेलेला दिसला, तर तो आवळतानाच मर्यादेपलीकडे खेचला गेला होता. पहिल्या प्रकारात दोष पृष्ठभागांचा किंवा कमी आवळण्याचा असतो, दुसऱ्या प्रकारात पाइपचा किंवा नट आवळण्याच्या हवेच्या गनचा. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी त्याचा भार सोसलेला असतो, त्यामुळे ते दोनही बदलावेत, आणि दोन किंवा अधिक तुटले असतील तर त्या हबचे सगळे स्टड बदलावेत.

नट घट्ट असूनही चाक डुगडुगत असेल तर दोष बेअरिंगचा असू शकतो. चाक उचलून वरून-खालून हलवावे आणि त्या वेळी दुसऱ्या माणसाने डिस्क आणि हब यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. डिस्क हबपासून वेगळी हलली तर नटांचा प्रश्न, आणि हबसकट सगळे हलले तर बेअरिंगचा.

ड्रमही तपासावा. काही हबांना मध्यभागी उंचवटे असतात आणि डिस्क व ड्रम त्यांवर टेकून मध्यात येतात. त्या उंचवट्यांवर गंज चढला असेल तर ड्रम त्यांवर पूर्ण न बसता तिरका अडकतो, नट आवळल्यावर सगळे बसल्यासारखे दिसते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ड्रम आपल्या खऱ्या जागी जातो. नट मग दहाच्या दहा ढिले सापडतात. अशा हबांना सपाट बुडाचे, फिरत्या वॉशरचे नट लागतात, तर स्टडवरच मध्य साधणाऱ्या जुन्या डिस्कांना गोलाकार किंवा शंकूच्या बैठकीचे नट लागतात. भंगार बाजारातून आणलेल्या डिस्कवर दुसऱ्या प्रकारचा नट आट्यांत सहज चढतो, म्हणून ही अदलाबदल लक्षात येत नाही, आणि मग कितीही आवळले तरी टेकण्याचा पृष्ठभाग नखाएवढाच उरतो.

जुन्या काही गाड्यांमध्ये डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. डाव्या बाजूचे चाक पुढे जाताना बाहेरून पाहणाऱ्याला घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि तीच साध्या नटाची सुटण्याची दिशा आहे, म्हणून ही सोय केलेली असे. अनोळखी गाडीवर पाइप लावण्यापूर्वी स्टडच्या टोकाचे आटे पाहावेत, नाहीतर सोडण्याच्या नादात नट आणखी आवळला जाऊन स्टड तुटतो.

जाम झालेला नट

गंजून जाम झालेल्या नटाला गॅसची ज्योत लावण्याचा प्रकार लगेच थांबला पाहिजे. टायर चढवलेल्या डिस्कला ज्योत किंवा वेल्डिंग लागले की आतल्या रबराचा धूर होऊन तो कोंडतो आणि पेट घेतो, आणि त्याचा स्फोट ज्योत बंद केल्यानंतरही होऊ शकतो. शिवाय स्टड उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेले असतात. लाल होईपर्यंत तापवलेला स्टड वरून शाबूत दिसला तरी मऊ पडलेला असतो. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, तरीही नट सुटला नाही तर नट फोडण्याच्या हायड्रॉलिक साधनाने किंवा छिन्नीने तो चिरावा. नट चिरताना आणि स्टड ठोकून काढताना चष्मा घालावा, कारण कडक पोलादाची किरच डोळ्यांत गेली तर ती पाण्याने निघत नाही.

परत बसवताना

सर्व पृष्ठभाग वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने उघड्या लोखंडापर्यंत स्वच्छ करावेत, उठलेल्या कडा कानशीने घासून काढाव्यात. सपाट बुडाच्या नटाच्या आट्यांना आणि नट व वॉशर यांच्या मधल्या फटीला इंजिन ऑइलचे एक-दोन थेंब पुरतात, तर गोलाकार बैठकीचे नट कोरडे बसवतात. डिस्कच्या चेहऱ्यावर मात्र तेल किंवा ग्रीस मुळीच लागू देऊ नये, कारण चाक धरून ठेवणारे घर्षणच त्यामुळे नाहीसे होते. तेलाला एवढे महत्त्व असण्याचे कारण असे की पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे दहा टक्केच स्टड ताणण्यात कामी येतो. बाकीचा आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणात खर्ची पडतो, त्यामुळे गंजलेल्या आट्यांवर तोच जोर लावला तर ताण फारच कमी मिळतो.

किती आवळायचे हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते आणि तोच आकडा पाळावा. २२ मिलिमीटरच्या स्टडला सपाट बुडाचे नट असतील तर तो पुष्कळ गाड्यांसाठी ६०० ते ६८० न्यूटन-मीटरच्या (हे फिरवण्याच्या जोराचे माप आहे) दरम्यान असतो. पाइपचा हिशेब यावरून करता येतो. नटापासून एक मीटर अंतरावर साठ किलोचा माणूस स्थिर उभा राहिला तर सुमारे ५९० न्यूटन-मीटर होतात, आणि दोन मीटरच्या पाइपवर पंचाहत्तर किलोचा माणूस उभा राहिला तर १४७० च्या आसपास. त्याने उडी मारली तर किती होतात हे कोणालाच सांगता येणार नाही, परंतु एकदम टाकलेले वजन स्थिर वजनाच्या दुप्पट तरी ताण देते. एक इंची हवेच्या गनचेही तसेच आहे. कॉम्प्रेसरच्या दाबानुसार तिचा जोर बदलतो, म्हणून गनने नट फक्त टेकेपर्यंत चढवावेत आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, द्यावा. एवढा मोठा टॉर्क पाना परवडत नसेल तर गिअरने जोर वाढवणारा टॉर्क मल्टिप्लायर आणि लहान पाना अशी जोडी चालते. मल्टिप्लायरचा पाय शेजारच्या नटावर टेकताना तिथे बोटे नसावीत, कारण तो पाय जेवढ्या जोराने रेटतो त्यात बोट चेचले जाते. टॉर्क पान्याने नट सोडू नयेत, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी.

आवळण्याचा क्रम समोरासमोरचा असावा. दहा नटांच्या चाकात एक नट आवळला की त्याच्या बरोबर समोरचा घ्यावा, पहिल्या फेरीत हलका जोर देऊन डिस्क सरळ बसली आहे याची खात्री करावी, दुसऱ्या फेरीत निम्मा आणि तिसऱ्या फेरीत पूर्ण जोर द्यावा. उंचवट्यांच्या हबात त्यांपैकी एक उंचवटा बरोबर वरच्या बाजूला येईल असे हब फिरवून मग डिस्क चढवली, तर ती मध्यात बसते. चाक जमिनीवर टेकवून अखेरची फेरी घ्यावी.

काम एवढ्यावर संपत नाही. स्वच्छ पृष्ठभागही पहिल्या फेऱ्यांत किंचित बसतात, म्हणून ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावे लागतात. बेळगावात बसवलेले चाक कोल्हापूरला पोहोचेपर्यंत एकदा थांबून तपासले तर हे अंतर बरोबर साधते. तपासणी ड्रम थंड असताना करावी, घाट उतरल्याबरोबर करू नये, आणि नट आधी सोडून मग आवळण्याऐवजी ठरलेला जोर सरळ लावून पाहावा. थोडासा फिरून थांबला तर ठीक. पाव फेरी किंवा अधिक फिरला तर चाक परत उतरवून सांधे पाहिलेच पाहिजेत. तपासल्यानंतर प्रत्येक नटावरून डिस्कवर पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढावी. आपल्याकडे एकाच गाडीवर आज मराठी, उद्या कानडी बोलणारा ड्रायव्हर असतो. तुटलेली रेघ दोघांनाही दुरून दिसते आणि त्यासाठी काही समजावून सांगावे लागत नाही. नटावर बसवायचे प्लॅस्टिकचे बाणही हेच काम करतात, फक्त ते नट धरून ठेवत नाहीत, हे मालकाला आधीच सांगून ठेवावे.

हे सगळे नीट करूनही एकाच हबचे नट ढिले होत राहिले, तर हबचा चेहरा वाकलेला किंवा झिजलेला असण्याची शक्यता आहे. सरळ पट्टी लावून तिच्याखाली उजेड दिसतो का ते पाहावे, स्टड हबमध्ये फिरत नाही ना ते पाहावे, आणि फट दिसली किंवा स्टडचे भोक मोठे झालेले आढळले तर हब बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथवाल्याकडे मापासाठी न्यावा. त्याने तो छाटून सपाट होण्याजोगा नाही असे सांगितले तर तो बदलावा आणि त्या हबवर चाललेल्या दोन्ही डिस्कही नव्याने तपासाव्यात.